माझ्या गोष्टीतला खलनायक झोपेतसुद्धा मिशीला पीळ देतोय. काय करू?

रताळ्याचा_वेल (मंगळवार, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी.

गावच्या साहित्य संमेलनात कथाकथनाला नाव दिलंय. कडोली-येळ्ळूरसारखं मोठं नव्हे. आमचं आपलं शाळेच्या पटांगणातलं, एक मांडव आणि दोनदा चहा. गोष्ट लिहून झाली, चौदा पानं. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातलं घर. धाकटा भाऊ वारतो. थोरला धाकट्याच्या बायकोला पत्ता लागू न देता वाटणीची दोन एकर आपल्या नावावर चढवून घेतो. मराठी शाळेचे मास्तर तिच्या बाजूनं उभे राहतात. शेवटी न्याय.

काल रात्री घरात वाचून दाखवली. बायको तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून म्हणाली, "हा थोरला झोपेतसुद्धा मिशीला पीळ देत असंल की." आणि मास्तर कसे वाटले म्हणून विचारलं तर, "चांगले हाईत. मेले तरी चालंल."

सुरुवात अशी आहे:

«थोरला हा अत्यंत लोभी व कपटी वृत्तीचा होता. त्याच्या लालबुंद डोळ्यांत सदैव जमिनीची हाव दिसे. याउलट मास्तर म्हणजे सज्जनपणाचा मूर्तिमंत पुतळा!»

चुकतंय कुठं ते सांगा. शिव्या चालतील.

---

दुसरं_रेल्वेगेट (मंगळवार, रात्री १०:४०)

पुतळा केलात तिथंच चुकलं. पुतळा हलत नाही.

गंमत सोडा. 'लोभी', 'कपटी', 'सज्जन' हे तुमचे निकाल आहेत. साक्षीपुरावा न ऐकवता निकाल वाचून दाखवला तर वाचक मागं बसून जांभया देणारच.

आमच्या गल्लीत एक म्हातारा होता. पहाटे डेअरीत दूध घालायला यायचा. पाणी घालतो हे सगळ्या गल्लीला ठाऊक. फॅट कमी लागलं की मशीनला शिव्या. तोच म्हातारा शेजारची पोरगी बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा तिच्यासाठी रोज एक लहान किटली वेगळी आणायचा, बिनपाण्याची. पैसे घेतले नाहीत. मी त्याच्यावर लिहिलं तेव्हा 'लबाड'ही लिहिलं नाही, 'प्रेमळ'ही नाही. दोन किटल्या लिहिल्या. वाचून गल्लीतले लोक अजून भांडतात, म्हातारा चांगला का वाईट.

तुमच्या थोरल्याच्या हातात काय आहे? मिशी सोडून.

---

निपाणी_जर्दा (मंगळवार, रात्री १०:४३)

मिशी काढून टाकली तर अर्धी गोष्ट संपेल बहुतेक 😄

---

निवृत्त_मास्तर (बुधवार, सकाळी ६:०५)

मास्तरांना पुतळा केल्याबद्दल आमच्या वर्गातर्फे निषेध.

हा घोळ जुना आहे, तुमचा एकट्याचा नाही. दहाव्या शतकात धनंजयानं 'दशरूपक' लिहिलं, त्यात नायकांचे चार साचे आहेत: धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत, धीरोद्धत. प्रतिनायकाची व्याख्या एका ओळीत उरकलीय. लोभी, उद्धट, हट्टी, पापी, व्यसनी. म्हणजे तुमचा थोरला शास्त्रोक्त आहे! पण ते शास्त्र रंगभूमीसाठी. नट समोर उभा असतो, त्याच्या चालण्या-बोलण्यात उरलेला माणूस आपोआप भरला जातो. कागदावर नट नसतो. ते काम तुम्हालाच करायला लागतं.

इंग्रजीत ई. एम. फॉर्स्टरनं १९२७ साली सपाट आणि गोल पात्रं असा भेद सांगितला. सपाट पात्र एका वाक्यात मावतं. गोल पात्र आपल्याला चकित करतं, आणि ते पटतंही. दोन्ही पाहिजेत. चकित केलं पण पटलं नाही, तर ते पात्र सपाटच, फक्त गोल असल्याचं सोंग घेतलेलं. आणि सपाट पात्रं वाईट असतात असंही नाही. तुमच्या गोष्टीत चहावाला सपाट असला तरी चालेल. ज्याच्यावर गोष्ट तोललीय तो नको.

आता आपल्या शेजारचं उदाहरण. मुधोळचा रन्न, हजारेक वर्षांपूर्वीचा कन्नड कवी, बांगड्या विकणाऱ्यांच्या घरातला. त्यानं 'गदायुद्ध' लिहिलं. नायक भीम, कारण रन्नाला आपला आश्रयदाता चालुक्य राजा भीमाच्या जागी बसवायचा होता. काव्याचं दुसरं नावच 'साहसभीमविजय'. पण वाचताना मन जातं दुर्योधनाकडे. रणभूमीवर आपल्या माणसांची प्रेतं ओलांडत चाललेला, द्रोण, दुःशासन, कर्ण एकेक दिसतायत आणि हा थांबून रडतोय. ज्याचं मीठ खाल्लं तो भीमाच्या बाजूला, आणि कवीची लेखणी मात्र हरणाऱ्याजवळ रेंगाळली. दुर्योधनाचा एकही अपराध रन्नानं माफ केलेला नाही. फक्त त्याला त्याच्या माणसांच्या प्रेतांमधून चालायला लावलं.

---

सरळ_बोलतो (बुधवार, सकाळी ९:३०)

सगळ्यांचा मान ठेवून सांगतो, हे आता फार झालं. हल्ली जो तो खलनायकाला 'समजून' घेतोय. त्याचं बालपण वाईट, त्याला आईनं मारलं, बापानं टाकलं. आमच्या गावच्या जत्रेत नाटक असतं तेव्हा व्हिलन आला की पोरं शिट्ट्या मारतात, बायका बोटं मोडतात. त्यांना कळतं कोण वाईट ते. का गोंधळ घालताय?

आणि स्पष्टच सांगतो. आमच्या घरात असा चुलता आहे. कागद करून घेतले, आजीचा अंगठा घेतला, आज त्या जमिनीवर त्याची विटभट्टी आहे. त्याला 'माणूस' दाखवायचं म्हणजे मी काय करायचं? त्याच्या विटा मोजायच्या?

---

हलशीची_पोर (बुधवार, सकाळी ११:१५)

@सरळ_बोलतो दादा, वाचून वाईट वाटलं. खरं त्याच्या विटा मोजाच, असं मी म्हणेन. तो रोज संध्याकाळी भट्टीवर उभा राहून विटा मोजतो का? मोजताना कुणाशी बोलतो? तुमच्या घरावरनं जाताना गाडीचा हॉर्न वाजवतो की काच वर करतो? ह्यातलं तुम्हाला सगळं ठाऊक असणार, कारण ज्यानं आपलं घेतलं त्याच्यावर आपली नजर असतेच. तेवढं लिहिलं तर 'कपटी' लिहायची गरज राहणार नाही. समजून घेणं आणि सोडून देणं हे एक नव्हे.

आता @रताळ्याचा_वेल, माझी तक्रार वेगळी आहे. तुम्ही व्यनिमध्ये पाठवलेली पानं वाचली. ती विधवा बाई एकदा म्हणते, "मी आले भावोजी, आपण बसावे." ही कुठली बाई? पश्चिम भागातली बाई "मी आलो" म्हणते. मी स्वतः एम.ए. होऊन अजून "मी जेवलो" म्हणतो, पुण्याच्या मैत्रिणी हसतात, हसू देत. तुमच्या गोष्टीत थोरला, बाई, मास्तर, तहसीलदार ऑफिसातला कारकून सगळे एकच भाषा बोलतात, आणि ती तुमचीही नाही. पेपरातल्या अग्रलेखाची आहे.

माणूस बोलला की उघडा पडतो. पु. ल. देशपांड्यांचे 'गणगोत'मधले रावसाहेब आठवा. आपल्याच बेळगावचे. कानडी हेल काढलेली मराठी आणि तोंडात शिव्या. पु.लं.नी 'रावसाहेब फार प्रेमळ होते' असं सांगून मोकळं व्हायचं ठरवलं असतं तर आपण विसरलो असतो. शिवीतनं माया दिसली म्हणून राहिले.

तुमचा थोरला भावजयीशी कसा बोलतो? मला वाटतं, फार गोड. "तू काय काळजी करू नको गा, मी हाय न्हवं." हे वाक्य एकदा खऱ्या मायेनं आणि एकदा उतारा बदलल्यावर. शब्द तेच. बघा अंगावर काटा येतो का.

---

निपाणी_जर्दा (बुधवार, सकाळी ११:२१)

मराठीत चुलता हा जन्मजात खलनायक आहे. बिचाऱ्याला कायम 'काका, मला वाचवा' ऐकायला लागतं.

---

दुसरं_रेल्वेगेट (बुधवार, दुपारी १:०२)

@निपाणी_जर्दा गमतीत बोललास खरं त्यात मोठी गोष्ट आहे. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा. कट कुणाचा, हुकूम काय होता, ह्यावर इतिहासकार बोलत राहतील. लोकांच्या डोक्यात काय राहिलं? आनंदीबाईनं 'ध'चा 'मा' केला. 'धरावे'चं 'मारावे'. घडलं का नाही हा प्रश्न वेगळा. पण गोष्ट रचणारा कोण होता कुणास ठाऊक, कसबी होता. बाई महत्त्वाकांक्षी होती, दुष्ट होती, असलं काही नाही. एक बाई, एक कागद, एक अक्षर. अडीचशे वर्षं झाली, बाई अजून सुटलेली नाही.

तुमचा थोरलाही कागदच बदलतो ना? मग तो क्षण दाखवा. तुम्ही तो गाळलाय. तुमच्या गोष्टीत बाईला ते नंतर 'कळते'. शाईची बाटली, तलाठ्याची खुर्ची, बाहेर पाऊस, काही म्हणजे काही नाही.

त्याच घराण्यातलं दुसरं टोक. कोवाड आपल्या शेजारचं, तिथल्या रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ ची. धोडपच्या लढाईनंतर, १७६८ साली, माधवरावांनी राघोबादादांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं, हा इतिहास. कादंबरीत तेच काका वाचताना त्यांचा राग येतो आणि त्यांच्यासमोर वाकणाऱ्या पुतण्याची घालमेलही कळते. काका नुसते दुष्ट केले असते तर माधवरावांना अवघड काय होतं? सोपा शत्रू दिला की नायकही सोपा होतो. तुमचे मास्तर त्यामुळंच मेले तरी चालतायत.

---

बैलहोंगल_पास (बुधवार, रात्री ८:४५)

मी उशिरा आलो. घरात कानडी, शाळा मराठी, नोकरी दोन्हीत. त्यामुळं चुका पदरात घ्या.

आमच्या बैलहोंगलचा 'संग्या-बाळ्या' कुणी पाहिलाय का? पत्तार मास्तरांनी रचलेला सण्णाट, म्हणजे कानडी लोकनाट्य. तिथं घडलेल्या खुनावरच बेतलेला म्हणतात. संग्या तालेवार, बाळ्या त्याचा जिवलग मित्र. संग्याचं मन गंगीवर जातं, ती दुसऱ्याची बायको. शेवटी बाळ्याच दगा देतो आणि गंगीच्या नवऱ्याकडची माणसं संग्याला मारतात. आता खलनायक कोण? दुसऱ्याच्या बायकोवर डोळा ठेवणारा संग्या? मित्राला विकणारा बाळ्या? खून करणारा नवरा? लहानपणी बघितला तेव्हा मला बाळ्याचा राग आला. लग्न झाल्यावर बघितला तेव्हा संग्याचा आला. आता पन्नाशीत बाळ्या जेव्हा गप्प बसतो ना, तेव्हा माझ्याच पोटात कालवतं. नाटकात एक ओळ बदललेली नाही.

दुसरं जरा नाजूक. पंधरा वर्षं इथली संमेलनं ऐकतोय. आपल्या कथांमध्ये फौजदार आला की तो कानडीत ओरडतो. बस्स, झाला खलनायक. लेखकाला पुढं काही करायला लागत नाही, श्रोते काम करून टाकतात. आणि मी एक कानडी नाटक पाहिलं त्यात सावकार मराठी हेल काढून बोलत होता, तिथंही लोकांनी काम करून टाकलं. भाषा म्हणजे स्वभाव नव्हे. हलशीच्या ताई म्हणतात ते बरोबरच, माणूस बोलण्यातनं कळतो. पण तो कसं बोलतो, कुणासमोर भाषा बदलतो, ह्यातनं. कुठली भाषा बोलतो एवढ्यानं नाही.

नंदगडला गेला असाल. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या संगोळ्ळी रायण्णाला तिथं २६ जानेवारी १८३१ ला फासावर चढवलं. कचेऱ्या जाळल्या, खजिने लुटले. कंपनी सरकारच्या कागदात तो बंडखोर. खाली समाधीपाशी लोक नवस बोलतात. जाळलेली कचेरी तीच, फक्त एकानं ती आतनं बघितली आणि दुसऱ्यानं गावातनं. तुमची गोष्ट सध्या कचेरीतनं सांगितल्यासारखी आहे. म्हणजे कुठनंतरी वरनं, सगळं माहीत असल्यासारखी. ती बाईच्या सोप्यातनं सांगितली तर? तिला जेवढं दिसतं तेवढंच. थोरला तिला वर्षभर चांगलाच दिसेल मग.

---

रताळ्याचा_वेल (बुधवार, रात्री ११:५०)

झोप उडवलीत. फौजदार माझ्याही गोष्टीत होता, पान ११. कानडीत ओरडत होता. काढला.

थोरल्याचं थोडं थोडं दिसायला लागलंय. मास्तर अजून पुतळाच आहेत. त्यांच्यात वाईट काय घालू? दारू पितात असं दाखवू?

---

निवृत्त_मास्तर (गुरुवार, सकाळी ५:५८)

दारू नको. दारू म्हणजे दुसरी मिशी.

दोष बाहेरून आणून चिकटवायचा नसतो. जो गुण आहे त्याचीच दुसरी बाजू शोधायची. मास्तर कशासाठी मान मिळवून आहेत?

---

हलशीची_पोर (गुरुवार, सकाळी १०:०७)

हे लिहू का नको असा विचार करायलो होतो. लिहितो.

माझे आजोबा मराठी शाळेचे मास्तर. आमच्या गावात कुणाचाही कागद असो, साक्षीदार म्हणून सही त्यांची. "मास्तरांची सही हाय म्हणजे झालं." जमिनीचे कागद कानडीत. आजोबांना कानडी बोलायला यायची, वाचायला येत नव्हती. आयुष्यभर हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. कागद समोर आला की चष्मा लावायचे, बोट फिरवायचे, मान हलवायचे आणि सही करायचे. सही मात्र मोडीच्या वळणाची, इतकी देखणी, की फ्रेम करून लावावी. एका कागदात काय होतं ते नंतर कळलं. त्या घरातल्या म्हातारीनं आजोबांना कधी काही म्हटलं नाही. रस्त्यात दिसले की पदर मात्र ओढून घ्यायची. आजोबांनी त्या गल्लीतनं जाणं सोडलं. लांबच्या वाटेनं शाळेला जायचे, पावसातसुद्धा.

तुमच्या मास्तरांना हे द्या. मला चालेल. नाव नको.

---

दुसरं_रेल्वेगेट (गुरुवार, सकाळी १०:१५)

😶

---

बैलहोंगल_पास (गुरुवार, सकाळी १०:३१)

ताई, नमस्कार तुम्हाला.

@रताळ्याचा_वेल, संपलं तुमचं काम. थोरल्याच्या कागदावर साक्षीदार मास्तरच. म्हणजे बाईच्या बाजूनं उभं राहायचं तर मास्तरांना आधी चारचौघांत म्हणायला लागणार, मला वाचता येत नव्हतं. न्याय सोपा आहे हो, ते वाक्य अवघड आहे. आणि तो कागद बाईला खरा वाचून दाखवणारा कानडी पोरगा करा. झेरॉक्सच्या दुकानातला वगैरे. त्याला हे काय वाचतोय ह्याचं गांभीर्यसुद्धा नाही, तो आपला प्रति पान दोन रुपये मोजतोय.

---

सरळ_बोलतो (गुरुवार, दुपारी ३:४०)

आजोबांचं वाचलं. काल जरा जास्त बोललो.

आमच्या चुलत्याबद्दल एक सांगतो, वापरा वाटलं तर. माझ्या बहिणीच्या लग्नात आला होता. बोलावलं नव्हतं. मांडवाच्या बाहेर उभा राहिला, आहेराचं पाकीट एका पोराच्या हातात दिलं आणि जेवता गेला. पाकिटात पाच हजार एक होते. आईनं ते पैसे अजून मोडलेले नाहीत. परतही दिलेले नाहीत. कपाटात आहेत.

जमीन मात्र दिली नाही त्यानं. हे लिहिताना विसरू नका.

---

निपाणी_जर्दा (गुरुवार, दुपारी ३:५२)

'जेवता गेला' म्हणजे न जेवता ना? का जेवून? गोष्टच बदलते की.

---

सरळ_बोलतो (गुरुवार, दुपारी ३:५५)

न जेवता. टायपो. खरं तुझं बरोबर आहे, जेवून गेला असता तर राग सोपा झाला असता.

---

रताळ्याचा_वेल (रविवार, रात्री ९:२०)

तीन दिवस गायब होतो, रताळी काढणी चालू आहे. रात्री लिहिलं. मिशी काढली. दोन्ही विशेषणांना रजा. गोष्ट आता बाईच्या तोंडून. सुरुवात:

«भावोजी शिवरात्रीच्या आधी दरवर्षी रताळ्याचं पोतं घेऊन येतात. ह्यांच्या माघारीही चुकलं नाही. पोतं स्वतः खांद्यावरनं आणतात, गड्याला देत नाहीत. सोप्यात ठेवतात, वरची चार-पाच उचलून बघतात, किडकं असलं तर बाजूला काढतात. पोराच्या शाळेची फी विचारतात, विचारून देतात. मी चहा ठेवतो म्हटलं की म्हणतात, ठेव की. आणि मी आत गेलो की जातात.

पहिल्या वर्षी वाटलं, घाईत असतील. दुसऱ्या वर्षी चहा दोनदा गरम केला.

ह्या वर्षी चहा आधीच करून ठेवला. कप हातात दिला. भावोजींनी कप घेतला, बघितला, आणि खाली ठेवला. म्हणाले, तू काय काळजी करू नको गा, मी हाय न्हवं.

त्यांच्या दुसऱ्या हातात पिशवी होती. मास्तरांच्या शाळेची छाप असलेली, कागद ठेवायची.»

बायकोला वाचून दाखवलं. तांदूळ निवडायचं थांबली. म्हणाली, "च्या का घेत न्हाई त्यो?" मी म्हटलं, तूच सांग. ती म्हणाली, "ज्याचं खाल्लं त्याचं कसं खायाचं आनी." मग परत निवडायला लागली.

मास्तरांचं वाक्य अजून जमलं नाही. सहा वेळा लिहिलं. सहाही वेळा भाषण होतंय.

---

हलशीची_पोर (रविवार, रात्री ९:४४)

वाक्य देऊ नका त्यांना. चष्मा काढू द्या.

आणि एक बारीक चूक. रताळ्याचं पोतं भरलेलं असलं तर तुमच्या थोरल्याच्या वयाचा माणूस खांद्यावरनं आणेल का? अर्धं पोतं करा.

---

रताळ्याचा_वेल (रविवार, रात्री ९:५०)

अर्धं केलं.